ग्रेड दोन

संमतीपत्र बारा पानांचं, मराठीत.
कनकव्वा येमूल घरात तेलुगू बोलते,
कारखान्यात विड्यांच्या हिशेबापुरती मराठी.
अंगठा कुठल्याच भाषेत नाही.
साक्षीदार म्हणून जावई आला, टॉवेलच्या लूमवरून थेट,
भुवयांवर कापसाची लव घेऊन.

मी समजावलं :
जठराचा आहे, आता कापता येत नाही.
एका गटाला दोन औषधं, दुसऱ्याला तीन.
तिसऱ्यानं आयुष्य वाढतं की नुसता त्रास,
हे डॉक्टरांनाही माहीत नाही.
"मंग कुनाला म्हाईत हाय?"
कुणालाच नाही. म्हणून तर बघतोय.
कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार.
ती हसली. "मटका म्हन की."

आर्म बी निघाला. तीन औषधं.
आर्म म्हणजे हात, मी उगाच बोलून गेले,
तर तिनं डावा पुढे केला :
"सुई ह्याच्यात घाल. उजवा विडीचा हाय."

तेव्हापासून ती माझ्या रजिस्टरात शून्य-एक-सात.
दर चौदा दिवसांनी विडी घरकुलातून रिक्षानं यायची.
एकदा सलाइन चालू असताना मांडीवर सूप घेऊन बसली,
कातरलेली पानं, तंबाखू, गुलाबी दोरा.
सिस्टर किंचाळल्या, कॅन्सरच्या वॉर्डात!
कनकव्वानं सूप पदराखाली घेतलं
आणि पदराखाली वळत राहिली.

मग मे आला.
त्रेचाळीस. सगळं सोलापूर डोक्यावर ओला टॉवेल टाकून फिरत होतं
आणि ही माठाला घाबरायची.
"पानी चावतंय," म्हणायची.
स्टीलचा पेला पदरात धरून कोमट पाणी प्यायची,
बोटांच्या टोकांना मुंग्या.

सहाव्या फेरीला माझी प्रश्नावली :
शर्टाची बटणं लावता येतात का?
"शर्ट कुटं हाय मला?"
दोऱ्याची गाठ सुटते, म्हणाली.
ढिल्या विड्या चेकर छाट म्हणून काढतो, पैसे मिळत नाहीत.
"बोट माझा हाय, पर माझ्याजवळ नाही."
आणि मग हळूच : "हे लिवू नको बाई. तिसरा औषध काढून घेतील."

ग्रेड एक म्हणजे नुसत्या मुंग्या.
ग्रेड दोन म्हणजे रोजच्या कामात अडथळा :
स्वयंपाक, बाजार, फोन, पैशांचा हिशेब.
पुस्तकात एवढीच कामं आहेत.
मी दोन लिहिलं.
शेऱ्यात लिहिलं, विडीला दोरा बांधता येत नाही.
तिनं माझ्याकडे बघितलं नाही. रिक्षात बसली.

आठवड्यानं हैदराबादहून मॉनिटरची विचारणा :
रुग्ण धूम्रपान करत नाही असं आधी नमूद आहे,
आता विडीचा उल्लेख. खुलासा करा.
मी खुलासा केला : ओढत नाही. वळते.
हिरवी खूण आली. विचारणा बंद.

तिसरं औषध थांबलं नाही, कमी झालं.
माठाचं पाणी ती परत प्याली की नाही, मी विचारलं नाही.
प्रश्नावलीत नव्हतं.

निकाल लागला तेव्हा ती नव्हती.
तीन औषधांनी दोन महिने आणि काही दिवस जास्त,
संवेदना गेलेले एकतीस टक्के.
एकतीस टक्क्यांत तिचा उजवा हात.

जावई डायरी परत द्यायला आला.
रोज किती उलट्या, किती ताप, तिथं आम्ही खुणा करायला सांगितल्या होत्या.
तिनं नुसत्या उभ्या रेघा मारल्या होत्या.
मला वाटलं उलट्या. एवढ्या?
जावई म्हणाला, कट्टे. पंचवीस विड्यांचा एक.

चाळीस. चाळीस. अडतीस. एकवीस. बारा.
औषध कमी केल्यावर चौदा, सतरा,
एका दिवशी बावीस.
मग नऊ.
मग कोरी पानं.

ह्याला कुठल्याही तक्त्यात जागा नाही.
डायरी कपाटात आहे.
पंधरा वर्षं जपायची असते, नियम आहे.